सर्व्हरवाल्याची कोठडी

छापखान्याच्या मालकीणबाईंनी सर्व्हरवाल्याला बोलावलं, तेव्हा त्यांच्यासमोर हॉटेलवाला धुमसत बसला होता.

"माझं मेनूकार्ड 'पाककला' नावाच्या फोल्डरमध्ये कोणी कोंबलं?"

कोणी म्हणजे काकांनी. काका निवृत्त ग्रंथपाल. आपल्या आठवणींचं पुस्तक छापून घ्यायला ते छापखान्याच्या सर्व्हरवर फायली पाठवत. तिथे सगळ्यांचेच फोल्डर उघडे, त्यामुळे जाता जाता इतरांचा पसाराही विषयवार आवरत. एका वकिलांची पत्रकं तर त्यांनी 'ललित साहित्य'मध्ये लावली होती.

"यापुढे प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या खोलीत. बाहेर डोकवायचं नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "जमेल ना? पुढच्या आठवड्यात तुम्हाला कायम करायचं की नाही, ते ठरवायचंय."

सर्व्हरवाल्याला चेव चढला. त्याने नियम लिहिला: जो कोणी आत येईल त्याला फक्त त्याचा फोल्डर दिसेल, आणि तिथे फायली ठेवण्या-उचलण्यापलीकडे काही करता येणार नाही. नियम लागू करून तो ऐटीत सर्व्हरमधून बाहेर पडला आणि खात्री करायला पुन्हा आत गेला. समोर एक रिकामा फोल्डर! 'जो कोणी'मध्ये आपणही येतो, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम मागे घ्यायचा हुकूमही आता त्याला देता येईना. सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीतून "उद्या सकाळी बघतो हं," असं गोड उत्तर आलं.

तेवढ्यात मशीनवाला धावत आला. "साहेब, माझ्याकडे सगळं गायब! संध्याकाळी हॉटेलचं उद्घाटन आहे, मेनूकार्ड कुठून छापू?"

सर्व्हरवाल्याने हॉटेलवाल्याला फोन लावला. "फाइल परत पाठवता का?"

"परत? तुमच्याकडे आहे म्हणून मी इकडची खोडून टाकली!"

नोकरी हातातून चालली, या विचाराने त्याला घाम फुटला. मग एकदम आठवलं: नियम लागायच्या आधी जो आत शिरलाय, तो बाहेर पडेपर्यंत मोकळाच असतो. आणि एकदा शिरला की दिवसभर बाहेर न पडणारा माणूस एकच होता.

"काका, सर्व्हरची खिडकी उघडी आहे?"

"सकाळपासून. का रे?"

"बंद करू नका! हात लावू नका! म्हणजे लावा, पण जपून. हॉटेलवाल्याचं मेनूकार्ड मला मेल करा."

"कुठलं? 'फायनल', 'नवीन फायनल' की 'हेच खरं फायनल'? थांब, शेवटचं मी वर काढून ठेवलंय." मग काकांचा आवाज खाली आला. "पण दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावला म्हणून कोणी रागावणार नाही ना रे?"

"नाही काका. कोणाची टाप आहे?" सर्व्हरवाला ओशाळून म्हणाला.

मेनूकार्डं वेळेत पोचली. सर्व्हरवाल्याने मालकीणबाईंपुढे सगळं खरं सांगून टाकलं. वर म्हणाला, "काकांचे उपकार कसे फेडू कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुटला आणि त्याने नियम नव्याने लिहिला.

"आता सगळे आपापल्या खोलीत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तिघं सोडून. एक मशीनवाला, दुसरे काका."

"बरोबर. आणि तिसरं?"

"मी, मॅडम."

मालकीणबाईंनी जरा विचार केला. "बरं, राहा तुम्हीही कायमचे," त्या म्हणाल्या. "फक्त काही बदलायचं असेल, तर आधी काकांना आत बसवून मगच बदला."