ओइवा मास्तर अजून इथे आहेत का?

आमच्या कूसीलांपी गावच्या वाचनालयातल्या संगणकांतून तुमचं एक अक्षरसुद्धा कुणाला चोरता येणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि मी सांगते म्हणजे ते खरंच असतं. रोज सकाळी स्तोत्र वाचून झालं की मी देवाला दोन वचनं देते: आज आवाज चढवणार नाही, आज खोटं बोलणार नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिसरंही: कॉफी पिणार नाही. आमच्या फिनलंडात पहिल्या दोन वचनांचं कुणाला काही वाटत नाही. तिसरं ऐकलं की लोक डॉक्टरांचा पत्ता देतात.

संगणक शाळेनं टाकून दिलेले. सहा नग, बारा-बारा वर्षांचे, सुरू होताना दमेकऱ्यासारखे धापा टाकणारे! त्यांच्यावर मी लिनक्स चढवलं. फुकटचं, शिवाय आमच्याच देशात जन्मलेलं, म्हणजे घरचंच. मग सुरक्षेच्या मागे लागले. माणूस उठून गेला की त्यानं लिहिलेलं, पाहिलेलं सगळं साफ. पेनड्राइव्हची भोकं चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून बुजवली. आणि दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, तर पडद्यावर प्रश्न: 'तुम्ही अजून इथे आहात का?' खाली दोन बटणं. 'हो', आणि 'नाही, सगळं पुसा'. उत्तराला वीस सेकंद. शब्द माझेच.

नगरपालिकेनं कळवलं होतं की संगणक सुरक्षित नसतील तर वाचनालय बंद. ते सुरक्षित असल्याचा अर्ज शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवा, तो न्यायला तपासनीस ग्रानक्विस्तबाई स्वतः येणार. शुक्रवारी सकाळी अर्ज लिहायला ओइवा मास्तर बसले. निवृत्त शिक्षक, दोन बोटांनी टंकणारे. आठ ते दहा, तीन पानं!

दहा वाजले. दहाला आमच्याकडे कॉफी. घराला आग लागली तरी लोक आधी कप संपवतात.

"मार्ता, झालाच बघ अर्ज! कॉफी घेऊन येतो, एकदा वाचतो, मग छापू."

"आधी छापा ना, मास्तर," मी हळूच म्हटलं.

"अगं, गरम पुला आलेत!" वेलचीच्या त्या गोड पावांमागे मास्तर मागच्या खोलीत गेलेसुद्धा.

दहा मिनिटांनी पडद्यावर प्रश्न उगवला. वीस, एकोणीस... मी धावले. बाण 'हो'वर नेला आणि थांबले. मास्तर इथे आहेत का? नाहीत. पुला खाताहेत, चावल्याचं ऐकू येतंय. म्हणजे 'हो' हे धडधडीत खोटं, आणि तेही उपासाच्या दिवसांत! हाक मारावी, तर आवाज चढवावा लागणार. सहा, पाच...

मी खरं उत्तर दिलं.

"मार्ता! गिळला गं ह्यानं माझा अर्ज!" मास्तर परत येऊन ओरडले. मग संगणकाला थोपटत म्हणाले, "कुठे ठेवलास बाळा? कुणी पुसला? बोल!"

प्रश्न संगणकाला होता. मी मध्ये बोलले नाही.

त्यांनी दोन बोटांनी पुन्हा सुरुवात केली. अकरा वाजता एक परिच्छेद झाला, आणि ग्रानक्विस्तबाई तासभर आधीच दारात!

"अर्ज?"

"ह्याच्या पोटात आहे, बाई. तिथून निघत नाही. गेलं आता वाचनालय!"

"निघत नाही म्हणजे? पुसलेलं काढण्यात माझी हयात गेली!" त्यांनी पिशवीतून तारा काढल्या. "ह्या भोकात काय भरलंय?"

"मेण," मी म्हटलं.

"कसलं?"

"चर्चचं."

त्यांनी तसं वहीत लिहिलं. मग संगणक उघडला, जोडला, पुन्हा उघडला. साडेअकराला त्यांचे केस त्या तारांसारखेच झाले होते.

"एक अक्षर नाही! मागच्या आठवड्यात आमच्या कचेरीतल्या संगणकातून साहेबांची प्रेमपत्रं निघाली, सगळी! अर्ज कशाला हवाय आता? ह्याहून मोठा पुरावा कुठला!"

त्याच संगणकावर बसून त्यांनी मंजुरी लिहिली. मास्तरांचे डोळे भरून आले. "बाई, आधी कॉफी!"

"छापून मग..."

"पुला गार होतील हो!"

बाई उठल्या. त्याही फिनलंडच्याच.

बाराला दहा कमी असताना पडद्यावर प्रश्न उगवला. 'तुम्ही अजून इथे आहात का?' मी धावत गेले आणि घाईत बाईंच्या खुर्चीतच बसले. पुन्हा प्रश्न वाचला. होते की मी इथे! अगदी समोर! 'हो' दाबलं, लगेच कागद छापला. वाचनालय वाचलं.

तेव्हापासून एवढंच मनाला लागतं की ती खुर्ची दहा वाजून दहा मिनिटांनीही तिथेच होती. मास्तरांनी मला अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर मला खरंच सांगावं लागेल. म्हणून हल्ली ते माझ्याकडे वळून "मार्ता, त्या दिवशी..." असं सुरू करायला लागले, की मी बशी पुढे करते.

"पुला घ्या ना, मास्तर. गरम आहेत."