चिटणिसाचा निळा सदरा

गावच्या माशी समितीच्या चिटणीसपदी बालिदावा म्हाताऱ्याची निवड एकमताने झाली. साठीनंतर का होईना, अक्षरे शिकलेला आणि दिवसभर रिकामा असा गावात तो एकटाच होता.

काम सोपे होते. सरकारने गावाला दिलेल्या निळ्या कापडाच्या सापळ्यांपैकी चराऊ रानात टांगलेला सापळा दर सोमवारी उघडायचा आणि वहीत दोन रकाने भरायचे: एक रक्त पिऊन गुरांना रोग लावणाऱ्या त्सेत्से माशीचा, दुसरा उष्टे चाटणाऱ्या घरमाशीचा. त्सेत्से निळ्या रंगावर धावते, हे बालिदावाने पुस्तिकेत ओळीखाली बोट धरून वाचले होते.

पण चिटणिसाला साजेसा सदरा नव्हता. बायकोने, नायगागाने, सापळ्याचेच कापड फाडून शिवून दिला.

"अगं, आणि सापळा?"

"सांगाडा आहे ना! माशी काय वही वाचायला येते?"

बालिदावा खोटे लिहिणारा नव्हता. दर सोमवारी सांगाड्यात वाकून पाही आणि प्रामाणिकपणे शून्य मांडी. सहा महिन्यांत गाव 'त्सेत्सेमुक्त' ठरले. प्रमाणपत्राबरोबर मटोक्याची, म्हणजे उकडलेल्या हिरव्या केळ्यांची, मेजवानी झाली. घरमाश्या मात्र गुरांच्या कचेरीतून आलेल्या साहेबांच्या ताटापासून सर्वांच्या ताटांवर बसल्या.

मग बालिदावाची एकुलती गाभण गाय खंगू लागली. तो कचेरीत धावला.

"साहेब, सुई द्या. त्सेत्से चावलीय."

"तुमच्या गावात त्सेत्से नाही."

"माझ्या पाठीवर रोज बसतात की!"

साहेबांनी वही पुढे केली. "हे अक्षर कुणाचं?"

शून्ये काय गोल आली होती! "माझंच," तो छाती फुगवून म्हणून गेला.

"मग मुक्त गावाला औषध कसं देणार? आधी प्रमाणपत्र परत करण्याचा ठराव आणा."

सभा भरली. शेजारचा तेन्यवा उठला. "म्हातारबा, एका गाईपायी गावाचं नाक कापता?" त्याच्या डोक्यावर निळी टोपी होती. विरोधात हात वर झाले, तेव्हा निम्म्या बाह्या निळ्या निघाल्या. उरलेले सापळे कुठे गेले, ते चिटणिसाला तेव्हा कळले. तरी त्याने वळणदार अक्षरात लिहिले: ठराव नामंजूर.

गुरुवारी गाय मरायच्या आत कापावी लागली. सांत्वनाला अख्खा गाव आला, येताना ताटे घेऊन. साहेबही आले. रस्सा छान झाल्याचे सर्वांनी हळहळत सांगितले.

पाहुणे गेल्यावर बालिदावाने वही उघडली. पहिल्या रकान्यात शून्य. दुसऱ्यात एकशे बारा, साहेबांना आणि स्वतःला धरून. खाली एक ओळ कोरी ठेवली. ही हकीकत मिटक्या मारत वाचणाऱ्याचे नाव त्याला अजून ठाऊक नव्हते.