निजलेल्या बाळाची चोरी

घर बघायला माणसं येणार म्हटल्यावर बेनिल्दे सेर्पाबाईंनी सकाळपासून चोरीला जाण्यासारखं सगळं लपवायला घेतलं. शेजारच्या ओदेलिनाबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं की घर बघणारे लोक नजर छताकडे ठेवतात आणि हात कपाटात घालतात. त्यामुळे कानातली मक्याच्या पिठाच्या डब्यात गेली, इस्त्री पलंगाखाली गेली, मिक्सर कोंबड्यांच्या खुराड्यात गेला. नवऱ्याचा एकुलता एक चांगला कोट कुठे ठेवावा हे सुचेना, तेव्हा बाईंनी तो त्यांच्या अंगावरच चढवला.

"आणि मला कुठे लपवताय?" आर्हिमिरोंनी विचारलं.

"तुम्हाला कोण नेतंय," बाई म्हणाल्या.

घर विकायचं चाललं होतं त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगी युलेइसी चिलीला गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच तिला मुलगी झाली, आणि आता ती नात 'आजी' म्हणून फोनच्या काचेचा मुका घ्यायची. बेनिल्देबाईंना काच नको होती, नात हवी होती. पण घर विकल्याशिवाय तिकिटं निघत नव्हती, आणि आमच्या एल तापियाल गावात घर घेणार कोण? अर्धं गाव चिलीला गेलेलं, उरलेलं पेरूला जायच्या तयारीत. विकायला सगळेच बसलेले होते. बाईंनी अक्षरशः देव पाण्यात घातले होते, तेव्हा कुठे एजंट एदिक्सनने एक खरंखुरं गिऱ्हाईक आणलं.

हा एदिक्सन मूळचा माराकाइबोचा, म्हणजे खालच्या उकाड्यातला. आमच्या डोंगरात माणसं बायकोला, पोराला, फार काय कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतात. त्याच्याकडे तसलं काही नव्हतं. तो बिशपलाही 'ए' म्हणाला असता. दारातूनच त्याने हाक दिली, "मावशी, हसरा चेहरा ठेव गं, पार्टी भारी आहे."

पार्टी म्हणजे मेरिदा शहरातले दंतवैद्य ओनोफ्रे उस्कातेगी, त्यांची बायको आणि काळी शाल पांघरलेल्या सासूबाई. डॉक्टरांनी प्रत्येक भिंत बोटाने ठोकून पाहिली, कुठे दुखतंय का हे विचारल्यासारखी. त्यांच्या बायकोने चूल पाहिली. सासूबाई गुडघा दुखतो म्हणून बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बघा सगळं, मला भिंतीतलं काही कळत नाही." बेनिल्देबाई डॉक्टरांच्या मागेमागे फिरत होत्या, डोळ्यांत तेल घालून. शनिवारी कळवतो म्हणून मंडळी गेली.

बाईंनी एकेक वस्तू परत जागेवर आणली. कानातली मिळाली, इस्त्री मिळाली, मिक्सरही मिळाला. समाधानाने त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि नाताळपासून मांडलेल्या गोठ्याच्या देखाव्यापुढे थबकल्या. मेरी होती, जोसेफ होता, बैल होता, गाढव होतं. गवतात एक लहानसा खळगा होता, आणि त्यात बाळ नव्हतं.

आता यात एक मोठी अडचण होती. आमच्याकडे बाळयेशूला कायमचं निजवून ठेवत नाहीत. जानेवारी लागला की फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या आत त्याला उभं करायचं असतं, आणि तेही व्हायोलिन, केक, दारू आणि सगळं गाव बोलावून. जो कंजूष किंवा आळशी माणूस बाळाला निजलेलंच ठेवतो, त्याचं बाळ कुणीही उचलावं. ती चोरी धरत नाहीत, तो धर्म धरतात. मग घरमालकाने वाजतगाजत दारोदार शोधत फिरायचं, बाळ जिथे सापडेल त्या घराचे आभार मानायचे आणि अख्ख्या गावाला जेवू घालायचं. चोराला चोर म्हणणं हा मात्र अपमान, पिढ्यान् पिढ्या न विसरण्यासारखा.

बेनिल्देबाईंनी या वर्षी बाळाला उभं केलं नव्हतं. घर विकून जायचं, मुलगी लांब, गाव रिकामं. कुणासाठी करायचं, असं म्हणून त्यांनी टाळलं होतं. आर्हिमिरोंना ही बातमी ऐकून बरंच वाटलं. "चोरायला कुणीतरी उरलंय म्हणायचं," ते म्हणाले.

पण बाईंचा जीव वरखाली होत होता. हे बाळ पणजीचं. लाकडात कोरलेलं, काचेच्या डोळ्यांचं. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांनी ते आनंदाने गिळलं असतं. रिवाज म्हणून नेलं असेल तर ओरडणं पाप, आणि खरोखर चोरलं असेल तर गप्प बसणं मूर्खपणा. वर ज्याच्यावर संशय घ्यायचा तेच दोन वर्षांतलं एकमेव गिऱ्हाईक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या चौकीवर गेल्या. सार्जंट रोंदोन यांनी कागद घेतला, पेन घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"बाळ उभं केलं होतं का?"

"नाही."

"मग बेनिल्देबाई, तक्रार कसली घेऊन आलात? व्हायोलिनवाला बघा."

"अहो, गावातल्या कुणी नाही नेलं. घर बघायला परके आले होते."

सार्जंट विचारात पडले. "परके म्हणजे कुठले ते बघावं लागेल. डोंगरातले असतील तर तो रिवाज. खालच्या सपाटीवरचे असतील तर गुन्हा. आधी त्यांचं मूळ गाव काढा, मग मी कागद भरतो."

बाईंनी एदिक्सनला फोन लावला. डॉक्टर मूळचे कुठले, त्यांचे आईवडील कुठले, बायकोचं माहेर कुठलं, अशी त्यांनी चौकशी सुरू केली. एदिक्सन थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मावशी, तुला घर विकायचंय की सोयरीक जमवायचीय?" शेवटी बाईंना खरं सांगावं लागलं. आता माराकाइबोच्या माणसाला हा रिवाज कुठून कळणार? त्याला एवढंच कळलं की घरातून काहीतरी गेलंय आणि आळ त्याच्या गिऱ्हाइकावर आहे.

"तू त्यांना चोर म्हणतेस?"

"चोर नाही हो म्हणत. त्यांनी चोरलंय का, एवढंच विचारतेय."

हा फरक एदिक्सनच्या डोक्यात शिरला नाही. तरी माणूस धंद्याचा. त्याने डॉक्टरांना अगदी साखर पेरून विचारलं की येताना घरातली एखादी वस्तू चुकून आपल्याबरोबर तर आली नाही ना. दातांच्या डॉक्टरांना आधीच लोक लुटारू म्हणतात, त्यात हे. डॉक्टरांनी बेनिल्देबाईंना स्वतः फोन केला. माझ्या बायकोची पर्स उलटी करून बघा, माझे खिसे बघा, मोटारीची डिकी बघा, असं बरंच काही ते बोलले. शेवटी म्हणाले, "आम्हाला तुमचं घर नको," आणि फोन ठेवला.

बेनिल्देबाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. घर गेलं, बाळ गेलं, आणि नात राहिली काचेतच. तेलही गेलं, तूपही गेलं. आर्हिमिरोंनी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आणि शेजारी बसले. मग म्हणाले, "व्यवहार तर मोडलाच. मग आता भिडस्तपणा कशाला? चला, बाळाला तरी शोधून आणू."

शनिवारी दुपारी शोध निघाला. शोधाच्या पुढे मेरी आणि जोसेफ होऊन चालायला गावात पोरं उरली नव्हती. म्हणून संधिवाताच्या ओदेलिनाबाई मेरी झाल्या, सार्जंट रोंदोन जोसेफ झाले आणि टकलू न्हावी बेलार्मिनो पंख लावून देवदूत झाला. रिवाजाप्रमाणे आधी गावातली सगळी घरं पाहिली. कुणाकडे बाळ नव्हतं, पण मिचेची, म्हणजे आमच्या गावठी दारूची, बाटली सगळ्यांकडे होती आणि शोधणाऱ्याला कोरडं पाठवत नाहीत. त्यामुळे दुधाच्या ट्रकमध्ये बसून मंडळी शहराकडे निघाली तेव्हा देवदूत आपल्या पंखांवरच बसला होता.

डॉक्टर राहत होते नवव्या मजल्यावर. खालच्या वॉचमनने मेणबत्त्या पाहिल्या, व्हायोलिन पाहिलं, मग जोसेफच्या कमरेचं पिस्तूल पाहिलं आणि न विचारता फाटक उघडलं. लिफ्ट बंद होती. मंडळी गात गात जिना चढू लागली.

दार उघडा घरचे हो, थंडी पडली दाट,
हरवलेल्या बाळाची आई बघते वाट.

तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. एक म्हातारा बनियनवर बाहेर आला आणि डोळे पुसत रांगेत शिरला. पाचव्यावर दोन बहिणी आल्या. डोंगर सोडून शहरात आलेली माणसं या इमारतीत इतकी होती हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि ओदेलिनाबाईंना तर चौघांनी उचलूनच आणलं होतं.

दार डॉक्टरांनी उघडलं. समोर सार्जंट बघून त्यांचा चेहरा पडला. "मी फोनवर चार शब्द बोललो, त्यासाठी पोलीस?"

"आज मी जोसेफ आहे," सार्जंट म्हणाले. "बाळ आहे का आत?"

डॉक्टरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. काळी शाल जाऊन अंगावर फुलाफुलांचा झगा आला होता आणि हातात रेशमी रुमालावर निजलेलं पणजीचं बाळ होतं. आतल्या टेबलावर केक कापून ठेवलेला होता, पेले पुसून मांडलेले होते.

"किती उशीर केलात हो," सासूबाई म्हणाल्या. "केक वाळायला लागला."

जावयाने सासूकडे पाहिलं. दाताच्या डॉक्टरांना समोरच्याचं तोंड उघडं बघायची सवय असते, आज त्यांचं स्वतःचं उघडं होतं.

बेनिल्देबाईंना खूप काही बोलायचं होतं, पण रिवाज आडवा आला. त्यांनी चोराचे आभार मानले. मग मात्र राहवेना. "अहो, पण निरोप तरी धाडायचा. मी रडून अर्धी झाले."

"निरोप धाडून का कुणी चोरी करतं?" रोसेंदाबाई म्हणाल्या. त्या सासूबाईंचं नाव रोसेंदा, आणि माहेर एल तापियालच्याही वरचं, धुक्यातलं. "मुलीकडे राहायला आल्यापासून दर जानेवारीत मी माझं बाळ निजवून ठेवते आणि दार उघडं टाकते. पहिल्या वर्षी टीव्ही गेला. मग सायकल गेली. बाळाला आजवर कुणी हात लावला नाही. म्हणून ठरवलं, भिंती जावई बघतील, आपण माणसं बघू. तुम्ही शोधत आलात तर घर घ्यायचं, नाही आलात तर नाही."

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि आपण नकार कळवल्याची सासूबाईंना आठवण करून दिली. सासूबाईंनी त्यांना आठवण करून दिली की पैसे सासूचे आहेत. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी एल तापियालमध्ये बाळ उभं राहिलं. इमारतीतली निम्मी माणसं आली होती. एदिक्सनही आला, कमिशनच्या ओढीने म्हणा किंवा केकच्या, आणि तिसऱ्या पेल्यानंतर बेनिल्देबाईंना 'तुम्ही' म्हणाला. रोसेंदाबाईंनी एकच अट घातली. बाळ घराबरोबर राहील. त्याला गावाची सवय आहे, परदेशात कशाला न्यायचं? बाईंनी नातीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, काळजावर दगड ठेवला आणि हो म्हटलं.

विक्री झाली, पण पासपोर्ट कुठले इतक्यात होतात. वर्ष गेलं. नवरा-बायको ओदेलिनाबाईंच्या मागच्या खोलीत राहिले आणि पुन्हा जानेवारी आला तेव्हा पासपोर्ट हातात पडले. निघायच्या दिवशी बेनिल्देबाई आपल्या जुन्या घरी निरोप घ्यायला गेल्या. रोसेंदाबाईंनी कॉफी दिली, दोघी गळ्यात पडून रडल्या आणि सगळं गाव बसपर्यंत पोचवायला आलं. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडलो तीच माणसं खिडकीखाली उभी बघून बाईंना वाटलं, उतरावं आणि इथेच राहावं. पण बस सुटली.

सरहद्दीच्या वाटेवर आर्हिमिरोंना भूक लागली. मक्याची भाकरी, म्हणजे अरेपा, काढायला त्यांनी बायकोच्या पिशवीत हात घातला आणि त्यांच्या हाताला एक लहानसा लाकडी पाय लागला. त्यांनी हात तसाच आत ठेवला.

"बेनिल्देबाई," ते हळूच म्हणाले, "हे काय?"

"निजलेलं होतं," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"अहो, पण आपण घर विकलं. त्याच्यासकट."

"म्हणूनच तर. आपलंच आपण कसं चोरणार?" बाईंनी रुमालाने नाक पुसलं. "आता येतील शोधत. रोसेंदाबाई येतील, ओदेलिना येईल, सार्जंट येतील. यावंच लागेल त्यांना. रिवाज आहे."

डोंगर मागे पडत होते आणि आर्हिमिरोंच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"युलेइसीचं घर तर एका खोलीचं आहे," शेवटी ते म्हणाले. "एवढी माणसं झोपवायची कुठे?"