आदिनाथ सरांच्या फोटोचा हार

दसऱ्याला शरणम्मानं दुकानातल्या एकूण एक वस्तूला हार घातला. फ्रीजला घातला, कॉम्प्युटरला घातला, रक्तदाब मोजायच्या यंत्रालाही घातला. तरी एक हार उरला. फ्रीजच्या वर, भिंतीवर एक सर्टिफिकेट टांगलेलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात दाट केसांच्या, मिशीवाल्या तरुणाचा फोटो होता. शरणम्मा स्टुलावर चढली, हार त्या चौकटीला घातला आणि फोटोला कुंकवाचं बोट टेकवलं. बाकीचे हार दुसऱ्या दिवशी निघाले. हा उंचावर होता, म्हणून राहिला आणि जागेवरच वाळला.

आता यात बाईची काय चूक? अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर तिचा मुलगा हरिओम चौदा वर्षं हे औषधाचं दुकान चालवत होता, आणि चौदा वर्षांत त्या फोटोतला माणूस तिनं कधी दुकानात पाहिला नव्हता. शेजारच्या टेलरिंगवाल्या दस्तगीरचाचांनीही पाहिला नव्हता. ते रोज दुपारी दुकानाच्या बाकड्यावर पेपर वाचायला येत. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी हरिओम माल आणायला लातूरला गेला होता आणि गल्ल्यावर शरणम्मा होती. चाचांचं लक्ष वर गेलं आणि त्यांनी पेपर मिटला.

"अम्मा, कधी गेले?"

"कोण?"

"हे. फोटोतले."

शरणम्मानं वर पाहिलं. "मला काय ठाऊक बाबा. हितं टांगलेलेच हायत ते."

"लई कमी उमर होती," चाचा म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या चार गिऱ्हाइकांनाही वाईट वाटलं.

फोटोतले आदिनाथ सर त्या वेळी भोकरच्या एका खाजगी फार्मसी कॉलेजात धडधाकट बसून डबा खात होते. औषधाच्या दुकानात शिकलेला फार्मासिस्ट हजर पाहिजे, असा कायदा आहे. हरिओम बारावीत दोनदा आपटलेला. म्हणून सरांचं सर्टिफिकेट अहमदपुरात भाड्यानं टांगलेलं होतं आणि सर स्वतः भोकरला नोकरीत होते. बिलावर मारायला सरांच्या सहीचा रबरी शिक्का हरिओमच्या ड्रॉवरमध्ये होता. आणि सर शिकवायचे काय, तर औषधव्यवसायाचा इतिहास आणि नीतिमत्ता. पेपर वीस मार्कांचा होता, म्हणून मुलंही त्या तासाला जेमतेम वीस यायची.

दिवाळीच्या तोंडावर लातूरहून ड्रग इन्स्पेक्टर दीपमाला मॅडम आल्या. हरिओमकडे उत्तर तयार होतं. असल्या सगळ्या दुकानांत ते तयारच असतं.

"फार्मासिस्ट कुठायत?"

"आत्ताच जेवायला गेले, मॅडम."

बाकड्यावरून चाचांनी मान वर केली. हरिओम दुःखानं भ्रमिष्ट झाला असावा, असं त्यांना वाटलं. "जाऊन पंधरा दिवस झाले, मॅडम," ते हळूच म्हणाले. "पोराला अजून सहन होऊन न्हाई राहिलं."

मॅडमनी वर पाहिलं. हरिओमनंही पाहिलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. मग मॅडमनी कालचं बिल उचललं. त्यावर फोटोतल्या माणसाच्या सहीचा शिक्का होता.

"मयत माणूस जेवायला जातो आणि बिलंही फाडतो," मॅडम म्हणाल्या. "उद्या अकरा वाजता हा माणूस मला इथं दाखवा. नाही दाखवला तर दुकानाला सील."

फोन वाजला तेव्हा सर वर्गात वही धरून सांगत होते, "पूर्वी जो रोगी तपासायचा, तोच औषध कुटून द्यायचा. मग लोकांच्या ध्यानात आलं, की त्याची चूक धरायला दुसरा माणूस पाहिजे. तो दुसरा माणूस म्हणजे आपण. लिहा." हे वाक्य ते दरवर्षी सांगत आणि मुलं दरवर्षी लिहीत.

"सर, तुम्ही वारलात," हरिओम फोनवर म्हणाला. "उद्या अकराच्या आत यावं लागतंय."

रात्रभर सरांचा डोळ्याला डोळा लागला नाही. गेलं नाही तर बोभाटा होणार. गेलं आणि दोन जागी असल्याचं उघड झालं, तर फार्मासिस्टच्या रजिस्टरवरून नाव निघणार. नाव निघालं की कॉलेजही बाहेर काढणार. पन्नाशीला टेकलेल्या माणसाजवळ त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं.

पहाटेच्या एसटीनं ते निघाले, नांदेडला गाडी बदलली आणि पावणेअकराला दुकानात पोचले. ते भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले. हे पोर किती उमेदीनं कॅमेऱ्यात बघत होतं. त्याला दुकानात उभं राहायचं होतं, लोकांना गोळी समजावून द्यायची होती. सरांना त्याची लाज वाटली आणि खरं सांगायचं तर कीवही आली. तेवढ्यात मॅडम आल्या.

"हेच आदिनाथ सर," हरिओम म्हणाला.

मॅडमनी फोटो पाहिला, मग सरांचं टक्कल पाहिलं. सरांनी घाईघाईनं आधार कार्डाची जुनी झेरॉक्स काढून दिली. घडीवर नाव पुसलं गेलं होतं आणि फोटो तर कुणाचाच वाटत नव्हता.

"हे ते न्हाईत, मॅडम," चाचांनी बाकड्यावरून खात्री दिली. ते आज मुद्दाम दुखवट्याला बसले होते. "पण नाक तेच हाय. मयताचे थोरले भाऊ असतील."

हरिओमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मयताची चौकशी कुणी करत नाही. फार तर कळवायला उशीर केला म्हणून दंड होईल. "हाव मॅडम, भाऊच हायत," तो म्हणाला. "मी दुःखात चुकून बोललो. सोपस्काराला आलेत." आणि सरांकडे वळून अगदी हळू, "सर, पाया पडतो, आजचा दिवस मेलेलेच राहा."

सर गप्प बसले. आयुष्यात गप्प बसण्याचा त्यांना चौदा वर्षांचा सराव होता. मॅडमनी कागद काढला आणि 'फार्मासिस्ट मयत' असं लिहायला घेतलं.

त्याच वेळी गुणाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, गुडघ्यावर हात ठेवत चालणाऱ्या. "हरिओम, माझी गोळी दे रे. तीच."

हरिओमनं डोळ्यांनी खुणा केल्या. गुणाबाईंनी रिकामी पट्टी काउंटरवर आपटली. ती नेमकी सरांच्या पुढ्यात पडली. त्यांनी नाव वाचलं, गोळी स्टेरॉइडची होती. मग बाईंचं तोंड पाहिलं. ते गोल, फुगलेलं आणि तकतकीत होतं.

"कधीपासून घेता मावशी?"

"संक्रांतीपासून. गुडघा लई गप हाय. आन् अंग कसं धरलंय बघ. सुनेला वाटतंय, मी चोरून खाते."

"चिठ्ठी कुणाची?"

"चिठ्ठी कशाला लागती? हरिओम हाय की."

सर काउंटरबाहेर आले आणि खाली बसून त्यांनी बाईंच्या घोट्यावर अंगठा दाबला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. वर्गात सांगायच्या गोष्टी त्यांना आठवेनात. "मावशी, हे अंग धरणं न्हाई. ही सूज हाय," ते म्हणाले. "ही गोळी मनानं घ्यायची नसते, आन् एकदम सोडायची पण नसते. सोडली तर चक्कर येऊन पडाल. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरला ही पट्टी दाखवा, संक्रांतीपासून खाते म्हणून सांगा. ते सांगतील तशी कमी करायची. चाचा, मावशीला रिक्षात घेऊन जाता का?"

चाचांनी पेपर घडी करून काखेत मारला आणि बाईंना हात दिला. रिक्षा गेली.

"तुम्हाला हे कसं कळलं?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही तर भाऊ आहात."

हरिओमनं सरांचा शर्ट मागून ओढला. सर भिंतीवरच्या पोराकडे बघत होते.

"भाऊ न्हाई," ते म्हणाले. "मीच आदिनाथ. संक्रांतीपासून त्या बाईंच्या प्रत्येक बिलावर माझी सही हाय. मी भोकरला व्हतो. लिहा."

मॅडमनी 'मयत' शब्दावर रेघ मारली आणि पुढं बराच वेळ लिहीत राहिल्या. सरांनी सही केली. या दुकानातली शिक्क्याशिवायची ती पहिलीच. हरिओम कपाळाला हात लावून बसला. "कसे गुपचूप मेलेले व्हते," तो म्हणाला. दुकानाला सील लागायच्या आधी शरणम्मानं स्टुलावर चढून चौकट काढून सरांच्या हातात दिली. हार तिनं काढला, पण कुंकू काचेला वाळून बसलं होतं, ते निघेना.

दुपारी सर स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसले होते. चौकट मांडीवर होती. नोकरी जाणार होती आणि घरी काय सांगायचं, याचा त्यांना काही अंदाज नव्हता. समोरून दस्तगीरचाचा दोन कप चहा घेऊन आले.

"बाईला भरती केलं. डॉक्टर म्हनले, बरं झालं येळेवर आणलं." चाचा शेजारी टेकले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग सरांकडे. "बुरा मानू नका साहेब. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण तुमचे भाऊ चौदा वर्षांत एक डाव दुकानात दिसले न्हाईत. तुम्ही एका दिवसात बाई वाचवली. सर्टिफिकेट तुमच्या नावाचं पाहिजे व्हतं."

सरांनी कप बाजूला ठेवला. चहावर साय धरत होती.

"ते नेमके कधी गेले म्हनायचे?" चाचांनी आवाज खाली आणून विचारलं. "अम्माला काही सांगताच आलं न्हाई."

आदिनाथ सरांनी अंगठ्यानं काचेवरचं कुंकू पुसायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला.

"लई वर्षं झाली, चाचा," ते म्हणाले.