बूटलोडराचे बोलीची हकिकत

श्री. ज्याचे सत्तेने निजलेले यंत्र जागे होते त्यास नमन करोन लिहितो. शके १९४० विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी वर्तमान जाहले ते ऐसे जे:

राज्य संगणक चालविणारे प्रणालीचे; मुलूख थोर, यंत्रे लाखो. यंत्र सुरू होतांच पहिला चाकर उठे तो बूटलोडर. तो यंत्राचे धन्याने लिहोन ठेविलेला हुकूमनामा वाची, मूळ प्रणालीस हाक मारी आणि बाजूस होई. त्यास हुकूम सांगावयाची छोटी बोली वीस वर्षे फोर्थ होती. बोली उलटी, आधी आकडे मांडावे, मग काय करणे ते सांगावे, परंतु इतकी लहान की चिंचोळे जागेत सुखे राहे. ती जाणणारे अवघे एक, राजश्री मोरेश्वरपंत आगटे. पंतांचे डोळ्यांची शस्त्रक्रिया जाहली, पंधरा दिवस पट्टी, आणि त्याच समयी नवे जातीची यंत्रे सुरू होतां होतां अडोन राहिली. कोणास दुरुस्ती येईना. मग कारभारी हिरोजीराव वाघमोडे यांणी सभा भरविली आणि म्हणाले, "एका माणसाचे डोळ्यांवर राज्य चालवू नये. बोली बदला."

कोणी पायथन बोलीचे नाव काढिले. ती गुणी, परंतु परिवार मोठा, जागेत मावेना. मग रेणुकाबाई तळपदे यांणी लुआ नावाची बोली पुढे केली. "लहान आहे, आणि कोणासही वाचिता येते," म्हणाल्या, आणि दोन मास खपोन बूटलोडरास जोडिली. परीक्षेचे दिवशी पंत नवा चष्मा लावोन आले. अकरा यंत्रे उठली. बारावे पंतांनी घरून आणिले होते; त्याचे हुकूमनाम्यात एके ओळीस अखेरचे अवतरणचिन्ह नव्हते. फोर्थ ऐसे पोटात घाली. लुआकडील वाचणारा तेथेच थांबला आणि पडदा काळा राहिला.

हिरोजीराव बोलिले, "तर मग जुनीच राहो. पंत, आपला जय जाहला." रेणुकाबाईंचा चेहरा उतरला. पंतांनी चष्मा काढिला, पुसला, आणि म्हणाले, "राव, दोष बोलीचा नव्हे. हुकूमनामा वाचणारा भाग आपण नवा लिहिला, तो फार कडक आहे. लोक वीस वर्षे गबाळे लिहीत आले, हे बाईंस कोणी सांगितलेच नाही. मी सांगतो."

आणि पंत बाईंजवळ बसोन लोकांच्या एकेक वाईट सवयी सांगू लागले, आणि बाई त्या लिहोन घेऊ लागल्या. चौथे दिवशी बाई म्हणाल्या, "पंत, सभा आपले बाजूने होती. गप्प राहिला असता तरी चालले असते."

"आज चालले असते," पंत म्हणाले. "पुढे माझे मागे फोर्थ बोलीस विचारणार कोण? ती अडगळीत पडोन मरावी, त्यापेक्षा मीच निरोप द्यावा."

माघ मासी बारावे यंत्र उठले. फाल्गुनात फोर्थ काढावयाचा दिवस आला. हिरोजीराव म्हणाले, दुसरे कोणी काढील. पंतांनी ऐकिले नाही. स्वहस्ते आज्ञा लिहिली आणि कळ दाबिली. वीस वर्षांचे काम पळात गेले. रेणुकाबाईंनी हळूच विचारिले, "कसे वाटते?"

"हलके," पंत म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करोन बराच वेळ उभे राहिले.

सारांश, लुआ बोलीस नेमणूक जाहली, यंत्रे बिनतक्रार उठतात, आणि ती बोली जाणणारी माणसे आज राज्यात सतरा आहेत. त्यांत पंत एक. पाहिले तैसे लिहिले. इति.