जुनी गाडी आणि जळती मेणबत्ती

जुनी गाडी विकायला काढलेल्या रादिसावच्या फाटकातून मिलियानाने आत पाऊल टाकलं तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची नेवेना होती, हातात कॉफीच्या दुकानातली चकचकीत पिशवी होती आणि डोक्यात ब्लागोयेकाकांचं एकच वाक्य घोळत होतं. "पोरी, आधी इंजिनाला हात लाव. थंड असेल तरच पुढचं बोल."

ब्लागोयेकाका तिचे चुलतसासरे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्यांच्याइतके टक्केटोणपे पंचक्रोशीत कोणी खाल्ले नव्हते. त्यांनी घेतलेल्या तीन गाड्यांपैकी दोहोंत आता कोंबड्या राहतात आणि तिसऱ्यात कोंबड्याही राहत नाहीत. त्याच अनुभवातून त्यांनी चौदा प्रश्नांची यादी लिहून दिली होती. शिवाय पिशवीत लोहचुंबक होतं, कारण रंगाखाली पत्रा असेल तर ते चिकटतं आणि पुट्टी असेल तर घसरतं. टॉर्च होता. गाडीखाली आडवं व्हायला एक फाटकी चादरही होती. काका स्वतःच येणार होते, पण आज संत निकोलाचा दिवस. अर्ध्या गावाचा हा स्लावा, घराण्याच्या संताचा सण, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्याकडे जेवायला. काका या उरलेल्या अर्ध्यात.

गाडी हवी होती ती नेवेनासाठी. पोरीच्या खुब्याचा सांधा जरा सैल होता. दर मंगळवारी तिला वाल्येवोच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि नव्या वर्षापासून गावात येणारी बस बंद होणार होती. नवरा वुकोता स्लोव्हेनियात बांधकामावर. त्याने नऊशे युरो पाठवले होते आणि फोनवर दोनदा विचारलं होतं, "तुला जमेल ना गं?"

"मी काय दूधखुळी आहे?" मिलियाना म्हणाली होती.

अंगणात पाहिलं तर डझनभर गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. म्हणजे इथेही स्लावा! फोनवर रादिसाव म्हणाला होता, "शुक्रवारी ये, दिवसभर घरीच आहे." तिला वाटलं, स्लावा असता तर माणूस तसं बोलला असता. त्याला वाटलं, संत निकोलाच्या दिवशी माणूस दिवसभर घरी का असतो, हे काय सांगायचं असतं?

परत फिरावं म्हणेपर्यंत दार उघडलंच. रादिसावची बायको पर्सिदा, गाल चुलीसारखे लाल.

"अगं बाई, एवढ्या थंडीत लेकराला घेऊन! ये, आत ये!"

स्लावाला कोणाला बोलवायचं नसतं, त्यामुळे आलेल्याला का आलास असंही कोणी विचारत नाही. मिलियानाच्या तोंडून आपोआप सणाच्या शुभेच्छा निघाल्या. आणि स्लावाला रिकाम्या हाताने कोण येतं? पर्सिदाने तिच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली.

"कशाला आणायचं गं एवढं? चांगली जड आहे की!"

पिशवी कपाटावर जाऊन बसली, पाहुण्यांनी आणलेल्या वाइनच्या बाटल्या आणि चॉकलेटच्या डब्यांच्या रांगेत. चुंबक गेलं, टॉर्च गेला, चौदाच्या चौदा प्रश्न गेले. मिलियानाने तोंड उघडलं, आणि पर्सिदाने त्यात साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा चमचा घातला.

टेबलाच्या टोकाला रादिसाव उभा होता. सणाच्या दिवशी यजमान बसत नाही. त्याच्यासमोर हातभर उंचीची मेणबत्ती जळत होती.

"गाडीवाली ना तू?" तो म्हणाला. "आधी जेव. गाडी कुठे पळून जातेय?"

हे वाक्य किती खरं होतं ते पुढे कळलं.

नेवेनाला रादिसावच्या आईने, स्ताना आजीने, मांडीवर घेतलं आणि ती तिथेच झोपून गेली. "झोपेपर्यंत हिचीही नजर मेणबत्तीवरच होती बघ," आजी म्हणाली. "या मेणबत्तीसमोर आमच्या घरात खोटं बोलत नाहीत हो. माझे सासरे एकदाच बोलले. त्याच वर्षी गाय मेली."

रादिसाव खोकला.

मासा आला. उपासाचे दिवस, म्हणून भाजलेला अख्खा कार्प. मिलियानाने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पर्सिदाच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं, कदाचित तीनदा. पण पर्सिदा समोरच उभी, पदरासारखा एप्रन मुठीत धरून.

"कसा झालाय?"

"असा मासा मी जन्मात खाल्ला नाही," मिलियाना म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर भागलं असतं. "मला कृती द्या ना."

पर्सिदाने आनंदाने दुसरा तुकडा वाढला. मग तिसरा.

जेवण झाल्यावर रादिसाव तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. छोटी लाल गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. मिलियानाने काकांचं स्मरण केलं आणि बॉनेटवर हात ठेवला. कोमट! काका म्हणत, आधीच तापवलेलं इंजिन आपल्या खोडी लपवतं.

"गरम आहे," ती हळूच म्हणाली.

"सकाळी सणाचा पाव घेऊन चर्चमध्ये गेलो होतो."

आता चर्चला जाऊन आलेल्या इंजिनावर संशय कसा घ्यायचा? तिने हात असा मागे घेतला, जणू तो कोणाच्या खिशात सापडला होता. चालवून बघायला जागा नव्हती, सगळीकडे पाहुण्यांच्या गाड्या. दार उघडल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास आला. पायाखालची मॅट उचलून बघावी असं तिला फार वाटलं. पण ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या गाडीची मॅट कशी उचलायची? आणि पर्सिदाने मीठ तर असं खाऊ घातलं होतं की सात पिढ्यांनी जागावं.

"काही विचारायचंय?" रादिसावने विचारलं. त्याचा आवाज जरा विचित्रच होता.

"रंग छान आहे," मिलियाना म्हणाली. आणि स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली की ती लाज लपवायला तिने पैशाचं पाकीट काढून पुढे केलं.

"आज मी पैशाला हात लावत नाही," तो म्हणाला. "कपाटावर ठेव. मेणबत्ती विझवली की कागद करू."

पाकीट जाऊन पिशवीशेजारी बसलं. मिलियाना त्या दोघांकडे बघत राहिली. एकात घरातले सगळे पैसे होते, दुसऱ्यात सगळी अक्कल, आणि दोन्ही लोकांच्या कपाटावर.

तेवढ्यात नेवेना जागी झाली. आधी कुरकुरली, मग तिने सूर लावला. आजीने झुलवलं, पर्सिदाने चमचा वाजवला, रादिसावचा जुना दोस्त झिवान याने मिशा हलवून दाखवल्या. मिशा बघून तर ती किंचाळलीच.

"अगं, हिची चोखणी कुठंय?" आजीने विचारलं.

मिलियानाचे कान तापले. चोखणी पिशवीत होती. दिलेली भेट परत मागायची? "राहिली... घरी," ती पुटपुटली, आणि मेणबत्तीची ज्योत थरथरल्यासारखी तिला वाटली. लेक हुंदके देत होती, आणि आई लाजेखातर तिला रडू देत होती. हे मात्र तिच्याच्याने बघवेना.

"पिशवीत आहे," ती एकदम म्हणाली. "त्या पिशवीत. ती... भेट नाही."

पर्सिदाने पिशवी टेबलावर उपडी केली. चोखणी निघाली, ती आजीने पटकन नेवेनाच्या तोंडात दिली. मग टॉर्च निघाला. मग फाटकी चादर. चुंबक बाहेर पडलं आणि सरळ सुऱ्यांना जाऊन चिकटलं. शेवटी कागद. झिवानने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "विकणारा खोटारडा आहे असं धरून चालायचं. प्रश्न पहिला."

मिलियाना ताटातल्या माशाच्या काट्यांकडे बघत होती. त्या काट्यांशी जागेची अदलाबदल करायला ती आनंदाने तयार होती.

"वाच की पुढे," स्ताना आजी म्हणाली. "आणि तू उत्तरं दे रे. मेणबत्ती जळतेय."

"आई, पाहुण्यांसमोर..."

"इंजिन तेल पितं का?" झिवानने वाचलं.

रादिसावने छताकडे पाहिलं. "पितं."

"किती?"

"माझ्यापेक्षा कमी."

"किलोमीटरचा आकडा खरा आहे?"

"एकेकाळी होता."

"पाणी आत येतं?"

"पाऊस असेल तरच."

"उलटा गिअर पडतो?"

"गाडी उतारावर उभी केली तर त्याची गरजच लागत नाही," तो म्हणाला. मग मिलियानाकडे वळून एकदम फुटलाच. "सकाळपासून जीव मुठीत धरून उभा आहे मी! वर्षातून या एकाच दिवशी मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, आता विचारेल, मग विचारेल. आणि तू विचारलंस काय, तर माशाची कृती!"

त्याने घाईघाईने वाइनचा पेला उचलला. मेणबत्ती संध्याकाळी वाइनने विझवायची असते, आणि बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आजीने ज्योतीवर आडवा हात धरला.

"जळू दे. संध्याकाळ व्हायचीय."

"हो, जळू दे," झिवानने कागद उलटा केला. "मागच्या वर्षी मला ट्रॅक्टर विकलास, त्याबद्दल मलाही दोन प्रश्न आहेत."

पर्सिदाने कपाटावरचं पाकीट आणून मिलियानाच्या हातात कोंबलं. मग आजीने निवाडा दिला. आधी गाडी दुरुस्त करायची, निम्म्या किमतीत विकायची, आणि तोवर दर मंगळवारी रादिसावने घरातल्या दुसऱ्या गाडीतून नेवेनाला वाल्येवोला न्यायचं.

"चालेल," रादिसाव म्हणाला. मेणबत्तीसमोर म्हणाला, म्हणजे खरंच.

नेवेना आजीच्या मांडीवर चोखणी चोखत ज्योतीकडे बघत होती. आता निघावं, असं म्हणून मिलियाना उठली, तोच पर्सिदा जवळ आली. डोळ्यांत अपेक्षा, हातात कागदाचा चिटोरा.

"कृती लिहून दिलीय गं. पण खरं सांग हं, मासा आवडला ना?"

मिलियानाने मेणबत्तीकडे पाहिलं. आजीनेही पाहिलं. झिवानने चष्मा पुन्हा चढवला.

टेबलाच्या टोकावरून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, रादिसावने वाइनचा पेला तिच्याकडे सरकवला.