लासलगावच्या रांगेतलं यान

आमच्या कॉलनीत कुठल्याही वस्तूवर लाल खडूची फुली दिसली की समजायचं, शिरसाठनं ती नापास केलीय. जिन्याची तिसरी पायरी नापास. पाण्याच्या टाकीचं झाकण नापास. गणपतीच्या मंडपाचा एक बांबू नापास. माझ्यावर अजून फुली मारलेली नाही, पण बघतो तसाच.

हा माणूस तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होता. तयार झालेला माल मोजायचा, चुकला असेल तर लाल फुली मारायची, एवढंच काम. कारखाना बंद पडला, मशिनी भंगारात गेल्या, मोजायची खोड तेवढी घरी आली. लोक खिशाला पेन लावतात, हा जाडी मोजायचा व्हर्नियर लावतो. माझ्या सुनेनं एकदा त्याला भाकरी वाढली तर खायच्या आधी जाडी मोजली. "कडेला पातळ आहे, ताई. मापात बसत नाही." सुनेनं पुन्हा त्याला भाकरी दिली नाही. लग्नाचं तसंच. तरुणपणी पोरी बघायला जायचा आणि खोट काढून परत यायचा. पुढं पोरींनी त्याच्यात खोट काढली. आता साठीत एकटाच खिचडी खातो, तीही मोजून.

असला माणूस रिकामा बसला की काय करेल? यानं कादंबरी लिहायला घेतली. तीही विज्ञानाची. शंभर वर्षांनंतरचं लासलगाव. दिवस वाईट आलेत. पाऊस नाही, दुकानं बंद, तरणी माणसं गाव सोडून गेलेली, शाळेत मास्तर आहे पण पोरं नाहीत. अशा गावात दुसऱ्या ग्रहावरून यान येतं. कशाला, तर कांदा न्यायला. त्यांच्याकडं कुणालाच रडता येत नाही म्हणे.

"यान उडवायची अक्कल आहे अन् रडता येत नाही?" मी म्हटलं. "त्यांना म्हणावं, एक कारखाना काढा अन् बंद पाडा."

पण हे पुढचं झालं. आधी माझं सांगतो. मी लासलगावच्या बाजारात चाळीस वर्षं हमाली केली. बायको तिथंच खळ्यावर कांदा निवडायची. खळं म्हणजे व्यापारी घेतलेला माल जिथं ओततो ती जागा. म्हातारपणी आम्ही दोघं नाशिकला मुलाकडं आलो. गेल्या वैशाखात ती गेली. तेरावा झाला आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागलो. मुलगा बोलला, सून बोलली, मी काही वळलो नाही. ताट आलं तसं परत जायचं. अशात एक दिवस शिरसाठ जाड रजिस्टर घेऊन सरळ खोलीत घुसला.

"आबा, टेक्निकल अडचण आहे. लिलाव झाल्यावर ट्रॉली आधी काट्यावर नेतात की खळ्यावर?"

मी पडल्या पडल्या म्हणालो, "काट्यावर. वजन न करता माल ओतायला तुझ्या बापाचा बाजार हाय का?"

त्यानं लिहून घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता परत हजर. आज यान अमावास्येला उतरवलेलं. मी उठूनच बसलो.

"अरे येड्या, आमच्या वेळी अमावास्येला लिलाव बंद असायचे."

"पुढं सुरू होतील की, आबा."

"होऊ दे. हमाल कुठून आणशील? एक पण येणार नाय."

मग त्यानं यानाला एक दिवस ट्रॅक्टरच्या रांगेत उभं केलं. परग्रहावरचे लोक टपरीवर चहा पीत बसले. हे असलं पुस्तक कोण विकत घेणार, ते त्यालाच माहीत.

रोज पाच वाजता हा यायचा, आणि रोज एकाहून एक बावळट प्रश्न. एकदा विचारलं, निवडणाऱ्या बाया सडका कांदा ओळखतात कशा? मी सांगितलं, आमची कमल डोळे मिटून ओळखायची. मानेपाशी अंगठा दाबला की झालं. व्यापाऱ्याचा मुनीम तिला घाबरायचा. सांगत बसलो ते दिवे लागले. सून दारात उभी होती. कमलचं नाव ती गेल्यापासून मी पहिल्यांदा घेतलं होतं.

हळूहळू मी खाली उतरायला लागलो. कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगायचो, एवढा शिकलेला माणूस, पण कांदा झाडाला लागतो की जमिनीत येतो, हेसुद्धा याला ठाऊक नाही.

राखीला त्याची थोरली बहीण आली. पेढा द्यायला आमच्याकडं डोकावली. मी लासलगावचा म्हटल्यावर बाई खूश.

"आमचे वडील तिथंच मापारी होते की, तुमच्या आधी असतील. सगळ्या बाजाराचं वजन तेच करायचे. हा शाळा सुटली की काट्यावरच. गोण्यांवर झोपायचा. अमावास्येची वाट बघायचा, त्या दिवशी वडील घरी असायचे म्हणून."

ती गेली तरी पेढा माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाचला शिरसाठ आला. "आबा, टेक्निकल अडचण आहे. साठवायला कांदाचाळीत भरायच्या आधी कांद्याचं काय करतात?"

मी सरळ तोंडानं म्हणालो, "पाण्यानं धुतात. चांगला चोळून. अन् ओलाच भरतात."

ओला कांदा चाळीत आठ दिवस टिकत नाही, हे लासलगावच्या शेळीलासुद्धा ठाऊक आहे. शिरसाठचं पेन थांबलं. भाकरीची कड पातळ झालेली न सोसणारा माणूस. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, रजिस्टरकडं पाहिलं. मग मान खाली घालून लिहिलं, धुऊन ओला भरतात.

मी रजिस्टरवर बोट ठेवलं.

"खोड ते," म्हणालो. "मापात बसत नाय."

त्यानं खिशातून लाल खडू काढून त्या ओळीवर फुली मारली. माझ्याकडं न बघता विचारलं, "मग काय करतात, आबा?"

मी सुनेला हाक मारून शिरसाठसाठी भाकरी टाकायला सांगितली, जाड-पातळ कशीही. आणि कांदा उपटतात तिथून सांगायला लागलो.